दोनदा उलटं

नववीला प्रकाशाचा धडा मी फळ्यावर सुरू करत नाही. आधी प्रयोगशाळेच्या खिडक्या बंद करते आणि एकीच्या मधोमध वाटाण्याएवढं भोक ठेवते. दिवे मालवले की मुली थोडा वेळ खिदळतात, मग डोळे अंधाराला सरावतात तशा गप्प होतात. समोरच्या भिंतीवर बाहेरचं मैदान उतरलेलं असतं, रंगांसकट आणि उलटं. आभाळ खाली, गवत वर, आणि फाटकावरून जाणारा सायकलवाला डोकं खाली करून मजेत पायडल मारत असतो. बावीस वर्षं मी हा प्रयोग दाखवते आहे.

त्या सोमवारी मात्र माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. आमचे लॅबकाका शनिवारपासून बेपत्ता होते.

काका वर्षापूर्वी निवृत्त झाले होते. खिडक्यांना बसवायच्या लाकडी झडपा त्यांनीच बनवलेल्या, आणि त्या बसवायलाही दरवर्षी तेच यायचे. यंदा झडपा जागेवर दिसल्या नाहीत, म्हणून शुक्रवारी मी त्यांना सहज फोन केला. बघतो, म्हणाले. शनिवारी दुपारी पाय मोकळे करून येतो असं काकूंना सांगून ते घराबाहेर पडले आणि परतलेच नाहीत. दवाखाने झाले, पोलीस झाले. मी शाळेतही विचारलं. रखवालदार म्हणाला, इकडे कुणी आलं नाही आणि सगळ्या खोल्यांना कुलपं आहेत. माझा फोन मला सारखा आठवत होता. मुख्याध्यापिका म्हणाल्या, घरी बसून काय करणार, वर्ग घ्या. म्हणून काळे कागद आणि पुठ्ठे स्वतःच चिकटवून मी वर्ग घेत होते.

किरण भोकातून जाताना एकमेकांना ओलांडतात, वरचे खाली आणि खालचे वर, हे सांगून झालं. तेवढ्यात मागून आवाज आला.

"पण बाई, ते एक माणूस सरळ कसं?"

ही मुलगी प्रत्येक वाक्य 'पण बाई'नेच सुरू करायची, म्हणून वर्गात तिचं नावच पणबाई पडलं होतं. मी म्हटलं, कुणी सरळ नाही, नीट बघ. ती उठून भिंतीपाशी गेली आणि बोट ठेवलं.

मैदानापलीकडे जुनं कोठार आहे. भिंतीवर त्याचं वीतभर दार उलटं लटकत होतं. त्या दारात चार बोटं उंचीचा एक माणूस बसलेला होता. चेहरा म्हणजे नुसता फिकट ठिपका. डोकं वर, पाय खाली.

मी पुठ्ठ्याच्या कडेचा कागद उचलून बाहेर पाहिलं. कोठाराचं दार बंद होतं, कुलूप उन्हात चमकत होतं. दारापाशी चिटपाखरूही नव्हतं.

कागद परत लावला. माणूस होता.

मग मी एखाद्या बिघडलेल्या उपकरणाची करते तशी तपासणी केली. भिंतीवरचा डाग असेल म्हणून भोकावर अंगठा ठेवला. मैदान गेलं, कोठार गेलं, माणूसही गेला. अंगठा काढला तशी तिन्ही परत आली. पुठ्ठ्याला दुसरं छिद्र नव्हतं. मी पुठ्ठा बोटभर सरकवला, तर चित्राबरोबर तोही तेवढाच सरकला. म्हणजे तो बाहेरून, त्याच भोकातून येत होता.

वर्गात कुणी हसत नव्हतं. पुढच्या बाकावरच्या दोघी एकमेकींना खेटून बसल्या होत्या. मी आवाज शक्य तितका कोरडा ठेवून म्हटलं की असं होऊ शकत नाही.

पणबाई अजून भिंतीपाशीच उभी होती. "पण बाई, दोनदा उलटं केलं तर सरळच होणार ना? मध्ये अजून एक भोक असेल."

कोठाराच्या दारातच बसवलेलं जुनं कुलूप काढून टाकलेलं आहे आणि तिथे नाण्याएवढं भोक राहिलं आहे, हे मला माहीत होतं. झडपा कुठे ठेवल्या असतील हेही तेव्हा लक्षात आलं.

भिंतीवरच्या माणसाने कोपर गुडघ्यावर टेकलं आणि कपाळ तळहातावर ठेवलं. तराजूच्या काट्याला तोल यायची वाट बघताना काका वर्षानुवर्षं तसेच बसायचे.

मी धावले.

रखवालदार किल्ली द्यायला तयार होईना. कुलूप मीच लावलंय, आत कोण असणार, असं पुन्हा पुन्हा सांगत होता. कधी लावलं, असं विचारलं तेव्हा त्याचा चेहरा उतरला. शनिवारी संध्याकाळी दार नुसतं लोटलेलं दिसलं, म्हणून त्याने आत न डोकावताच कुलूप घातलं होतं.

किल्ली फिरायला वेळ लागला.

दार उघडलं.

काका बाजूच्या भिंतीला टेकून बसले होते. एक पाय झडपांच्या ढिगाखाली अडकलेला. शिडी आडवी पडलेली. कोपर गुडघ्यावर, कपाळ तळहातावर.

त्यांनी मान वर केली. ओठ फुटले होते, हाका मारून आवाज बसला होता.

"बाई," ते म्हणाले, "प्रयोग झाला का?"

मी तिथेच जमिनीवर बसले आणि हसत सुटले. हसता हसता रडत होते. मागे दारात अख्खी नववी उभी होती, त्यांना बघून तर मला आवरेनाच. रखवालदार काकांचे पाय धरायला गेला, तेव्हा निदान मोडका तरी सोड, असं काकांनी त्याला सांगितलं.

मांडीचं हाड मोडलं होतं आणि शरीरातलं पाणी कमी झालं होतं. आणखी एखादा दिवस गेला असता तर कठीण होतं, असं डॉक्टर म्हणाल्या. पण तो दिवस गेला नव्हता. त्या आठवड्यात मी जेवले, झोपले, मुलींवर ओरडले, आणि यातली प्रत्येक गोष्ट मला नव्याने आवडली.

गणित मात्र जुळलं नाही. काळोख्या कोठारातला उजेड किती, भोक केवढं, मैदान किती लांब, हे मी तीनदा मांडून पाहिलं. आमच्या भिंतीवर काहीही दिसायला नको होतं. वही मिटून ठेवली.

पुढच्या रविवारी काकांना भेटायला गेले. पाय प्लास्टरमध्ये, स्वारी खुशीत. काकू उशाशी बसून मोसंबी सोलत होत्या. काका म्हणाले की कोठारातही तोच प्रयोग चालू होता. दारातल्या भोकातून मागच्या भिंतीवर सबंध शाळा उतरायची, उलटी. ऊन चढलं की यायची आणि मावळतीला विझायची. पायाचा ठणका विसरायला ते तीच बघत बसायचे.

"रविवारी तर माझा धीर सुटलाच होता," ते म्हणाले. "पण तुम्ही दोघी दिसलात."

मी विचारलं, कोण दोघी.

"तुम्ही आणि ही. प्रयोगशाळेच्या खिडकीत. सगळी शाळा उलटी, तुम्ही तेवढ्या सरळ. मध्ये फोन ठेवलेला. ही स्वेटर विणत होती आणि लगेच उसवत होती. म्हटलं, दोघी शोधतायत, आता येतीलच."

काकूंच्या हातातली साल तुटली.

रविवारी शाळा बंद होती. मी दिवसभर काकूंच्या घरी होते, शाळेपासून चार रस्ते पलीकडे. आम्ही दोघीच होतो, मध्ये फोन आणि काकूंच्या हातात तेच स्वेटर. रडून त्यांचे डोळे सुजले होते, उजेड सोसवेना, म्हणून त्यांनी सकाळीच सगळे पडदे ओढून घेतले होते. हे आम्ही कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं त्यात काही नव्हतंच.

काकांनी मोसंबीची फोड तोंडात टाकली. त्यांना काहीतरी आठवलं तसं ते काकूंकडे वळले.

"पण काय गं," ते म्हणाले, "भर दिवसा एवढा अंधार करून का बसला होतात?"