सतरा घड्याळं थांबली तो तास

टिली, दिवा राहू दे, पण तो मोबाइल आत ठेव. उद्यापासून तुम्ही पोरं हे जुनं घर बघायला येणाऱ्या पाहुण्यांना खोल्या दाखवणार, तेव्हा नॉरिसचं काय झालं ते ऐकून ठेवा. माझा शेजारी, इथला घड्याळवाला. थापा मारणारा माणूस नव्हे. तेवढी अक्कलच नाही त्याला.

मागल्या वर्षी, ऑक्टोबरचा शेवटचा शनिवार. रात्रीचे साडेनऊ. त्या रात्री हिवाळ्याच्या वेळेसाठी सगळा देश घड्याळं तासभर मागं घेतो. पण इथली जुनी घड्याळं उलटी फिरवली तर मोडतात. लंबक धरून थांबवायची, तास जाऊ द्यायचा, मग सोडायची. अशी सतरा.

तिकडे त्याच्या घरी बायको बेरिल अंथरुणाला खिळलेली. दिवस थोडेच उरले होते. तिनं एकच मागितलं होतं, शेवटी तू जवळ हवास.

"तासाभरात आलोच," नॉरिस म्हणाला. "आज तास फुकटच मिळतोय."

"फुकट्या मेला!" ती हसली. मग म्हणाली, "लवकर ये रे. एकटीला भीती वाटते मला."

सतरावं घड्याळ थांबलं आणि हे सगळं घर गप्प झालं. नॉरिसचा गुडघा ठणकत होता. दगडी जिन्याखाली ती लाकडी खुर्ची आहे ना, तिच्यापाशी तो आला. हे घर मठ होतं तेव्हा साधू रात्रीच्या प्रार्थनेला त्याच जिन्यानं उतरायचे. पुढं कुणा लॉर्डनं मठाचं घर केलं आणि जिन्यासमोर, प्रार्थनेला जायच्या वाटेवरच, भिंत घातली. जुन्या खुर्चीत कुणी बसू नये म्हणून आपण तिच्यावर सुकं काटेरी बोंड ठेवतो. त्यावरून नॉरिसनं कितीतरी पाहुण्यांना झापलंय. त्या रात्री त्यानंच ते उचललं, जमिनीवर ठेवलं आणि बसला.

वर पावलं वाजली.

"कोण आहे?"

...

मऊ पावलं. पुष्कळ. एकामागून एक जिना उतरली. दिसत काही नव्हतं. फक्त मेणाचा वास. त्याच्यासमोर येऊन थांबली...

तो उठायची वाट बघत.

नॉरिस उठला. पावलं निघाली. भिंतीकडे नाही. बाहेरच्या दाराकडे... त्याच्या घराच्या वाटेनं.

"तिकडे कशाला, आजोबा?"

मठात कुणी मरायला टेकलं की सगळे त्याच्या खाटेशी धावायचे, टिली. एकट्याला जाऊ द्यायचे नाहीत. दारातल्या पाटीवर लिहिलंय की! वाचता कुठं तुम्ही?

नॉरिस पळत सुटला. गुडघा विसरला. घड्याळं विसरला.

बेरिल गेली होती. चेहरा शांत. एक हात पांघरुणाबाहेर, उशाशी नॉरिसची खुर्ची होती तिकडे. कुणी तो हात नुकताच सोडावा तसा.

त्यानं मला फोन केला. मी पोचलो तर तो उभाच. म्हटलं, "अरे, बस तरी."

त्यानं नुसतं बोट दाखवलं.

उशाशी त्याच्या खुर्चीवर तेच सुकं काटेरी बोंड ठेवलेलं होतं.