पानावर नसलेला प्रश्न

लल्ला जनातच्या वेबसाइटवरून फुलपाण्याची एक बाटली घ्यायची म्हणजे बारा ठिकाणी बोट टेकवावं लागे, आणि तेराव्या ठिकाणी गिऱ्हाईक वैतागून मोबाइल खिशात घाली. सोन्देसने हे पहिल्याच दिवशी स्वतः मोजलं. वेबसाइट मुळात फ्रेंचमध्ये केलेली. मग कुणा शहाण्याने मजकूर अरबीत करून उजवीकडून डावीकडे लावला आणि बाण मात्र होते तसेच ठेवले. त्यामुळे ‘पुढे’चा बाण मागे तोंड करून उभा. माणूस बिचारा दुसराच बाण दाबी आणि फिरून पहिल्या पानावर येई.

“हे तुमच्या गल्लीसारखं झालंय, लल्ला,” सोन्देस म्हणाली. “आत शिरलेला माणूस बाहेर येताना मशिदीच्या मागेच निघतो.”

“गल्लीत निदान विचारायला कुणीतरी असतं,” लल्ला जनात म्हणाली.

सत्तरी गाठलेली ही बाई नाबेल गावातल्या आपल्या घराच्या अंगणात नारिंगाच्या फुलांचा अर्क, म्हणजे हे फुलपाणी, काढी आणि दारातच दुकान मांडून विकी. सासूही तेच करी, सासूची सासूही. मुलगा फरहात ट्युनिसला विम्याच्या कचेरीत होता. त्याने घर हॉटेलवाल्याला विकायचं ठरवलं होतं, कागदसुद्धा तयार होता. “उम्मी, दुकानात कुत्रं फिरकत नाही, कुणासाठी मरमर करतेस?” असं तो दर शुक्रवारी फोनवर आईला विचारी. शेवटी म्हातारीने शब्द दिला होता: फुलांचा मोसम संपेपर्यंत वेबसाइटवर धंदा उभा राहिला तर राहिला, नाहीतर सही. मोसम म्हणजे जेमतेम पाच आठवडे.

सोन्देस सूस शहरातली. वेबसाइट माणसांना वापरता येतील अशा करणं हेच तिचं काम, आणि या कामात तिचा एकच हट्ट असे. लोक तोंडाने काय सांगतात ते ती ऐकून घेई, पण विश्वास ठेवी तो त्यांच्या बोटावर. तिने बारा पायऱ्यांच्या चार केल्या, बाण सरळ केले, अक्षर मोठं केलं. मग ट्युनिसहून पाच माणसं बोलावली, त्यांच्या हातात मोबाइल दिला आणि म्हणाली, “एक बाटली मागवा. मी मदत करणार नाही.”

पहिला लमजद नावाचा टॅक्सीवाला. झरझर गेला, बाटलीच्या चित्रापाशी आला आणि थांबला. चित्राखाली मोकळी पांढरी जागा होती. त्याने तिथे बोट ठेवलं.

“बहिणीसाठी,” तो म्हणाला.

“कुणाला सांगताय?”

“विचारलं ना इथे, कोणासाठी म्हणून.”

सोन्देसने मोबाइल हातात घेऊन पाहिला. पांढऱ्या जागेत काहीच नव्हतं. लमजदनेही डोकावून पाहिलं, ओशाळला. “मला वाटलं बुवा,” म्हणाला आणि पुढचं बटण दाबून मोकळा झाला.

दुसरी रौदा, शाळेतली मास्तरीण, चष्मा नाकावर. तीही त्याच जागी थांबली. बोटही नेमकं तिथेच. “आजीसाठी,” ती पुटपुटली. “केकमध्ये घालायला.” बाकीचे तिघे बाहेर बसलेले, यांच्याशी एक शब्द बोललेले नव्हते. त्या तिघांनीही तेच केलं.

लल्ला जनात दाराच्या चौकटीत उभी राहून बघत होती. तिला यात काही नवल वाटलं नाही. “आमच्याकडे विचारल्याशिवाय बाटली देत नाहीत,” ती म्हणाली. “सासूबाई उंबऱ्यातूनच ओरडायच्या, कोणासाठी गं? कॉफीत घालायचं वेगळं, केकचं वेगळं, तापातल्या कपाळावर ठेवायचं ताजं. कफनावर शिंपडायचं त्या कोपऱ्यातल्या रांजणातलं. न विचारता देऊन कसं चालेल?”

सोन्देसला हायसं वाटलं. म्हणजे सवय! फुलपाणी म्हटलं की लोकांना हा प्रश्न अपेक्षितच असतो. पाचांपैकी एकानेही हे दुकान याआधी कधी पाहिलं नव्हतं हे तिच्या लक्षात आलं, पण तिने ते बाजूला सारलं. जिथे बोट जातं तिथे दार ठेवायचं, एवढं तिला पुरेसं होतं. त्याच पांढऱ्या जागेत तिने एक चौकोन बसवला: कोणासाठी, आणि कशासाठी?

आणि मग काय विचारता! पहिल्या आठवड्यात गेल्या वर्षीच्या बाटल्या संपल्या. दुसऱ्या आठवड्यात लल्लाने शेजारच्या दोघींना फुलं निवडायला बसवलं. अंगणभर पांढऱ्या चादरी, त्यांवर फुलांचे ढीग, तांब्याच्या भांड्याखाली सकाळपासून जाळ. स्फाक्स, बिझर्त, पार फ्रान्समधल्या मार्सेपासून ऑर्डरी येत होत्या. म्हातारीच्या चालण्यात वय दहा वर्षांनी कमी झाल्यासारखी ठसक आली. सोन्देसचा आनंद तर गगनात मावेना. असं यश तिने आयुष्यात पाहिलं नव्हतं.

फरहातने मात्र फोनवरून या आनंदावर पाणी ओतलं. “मोसम आहे म्हणून खपतंय. पुढच्या वर्षी पुन्हा शुकशुकाट. तुझ्या त्या प्रश्नात एवढी जादू असेल तर सिद्ध कर.”

“करते, सी फरहात,” सोन्देस अदबीने ‘सी’ लावून म्हणाली. “उरलेले दिवस निम्म्या गिऱ्हाइकांना प्रश्न दाखवते, निम्म्यांना नाही. फरक दिसेलच.”

“नाही दिसला तर?”

“तर सही करीन,” लल्ला मागून म्हणाली. “तू कागद घेऊन ये.”

मोसमाच्या शेवटच्या दुपारी तो कागद घेऊनच आला. अंगणात टेबल मांडलं होतं. सोन्देसने लॅपटॉप उघडला आणि दोन्ही आकडे शेजारी शेजारी आणले.

सारखे. अगदी एका ऑर्डरचाही फरक नाही.

“झालं!” फरहात म्हणाला. त्याच्या आवाजात आनंद नव्हता, नुसती सुटका होती. “मी सांगत होतो, मोसमाचं नशीब. उम्मी, चष्मा लाव.”

लल्लाने चष्मा शोधला, तो सापडला नाही. तिने तसंच पेन हातात घेतलं. आपण या बाईला पाच आठवडे उगाच नाचवलं, असं सोन्देसला वाटलं आणि स्वतःचा संताप आला. कुठे चुकलं ते बघायला तिने प्रश्न न दाखवलेल्यांची यादी उघडली. त्यांचा ‘कोणासाठी’चा रकाना रिकामा असायला हवा होता.

तो भरलेला होता. वरपासून खालपर्यंत.

धाकट्या जावेसाठी, केकमध्ये. अब्बांसाठी, कपाळावर. नवऱ्यासाठी, कॉफीत.

तिने पुन्हा तपासलं. या लोकांच्या पानावर चौकोन नव्हता. तो तिने स्वतः काढला होता. लिहायला जागाच नव्हती.

“थांबा, लल्ला.”

“आता काय?” फरहात म्हणाला.

“सी फरहात, तुम्ही एक बाटली मागवली होती?”

तो चपापला. “हो. तुझं काम बघायला. कचेरीतून. मला काही प्रश्नबिश्न आला नाही.”

“नक्की?”

“अगं, नाही म्हणतोय ना!”

तिने लॅपटॉप त्याच्याकडे वळवला आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

त्याचं नाव. त्याची कचेरी. दहा दिवसांपूर्वीची तारीख.

उम्मीसाठी. कफनावर.

फरहातच्या तोंडचं पाणी पळालं. त्याने ओळ वाचली, पुन्हा वाचली. भांड्याखालची लाकडं तडतडत होती.

“काय लिहिलंय रे?” लल्लाने विचारलं.



फरहातने आईच्या हातातून पेन हळूच काढून घेतलं. कागदाचे आधी दोन तुकडे केले, मग चार, आणि ते सरळ जाळात टाकले.

“नाही विकत,” तो म्हणाला. “ऐकलंस? नाही विकत! मी जिवंत असेपर्यंत नाही!” आणि तिथेच उभ्या उभ्या हॉटेलवाल्याला फोन लावून हेच सांगितलं, तेही शेजाऱ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.

लल्ला जनातने तोंडापाशी हात धरून आनंदाची अशी ललकारी दिली की फुलं निवडणाऱ्या दोघी दचकून उठल्या, मग त्यांनीही तिच्या आवाजात आवाज मिसळला. गच्चीवरून तिसरी आली. फरहात रडत होता आणि हसतही होता, आईच्या कपाळाचे मुके घेत होता. “सोड मेल्या, सोड आता,” ती म्हणत होती. “कॉफी टाकते सगळ्यांना. आज बाटली नवी फोडायची!”

ती आत गेली. सोन्देसने डोळे पुसले. जिंकलो, तिने मनाशी म्हटलं, आणि लॅपटॉप मिटायला हात पुढे केला.

फरहातची ओळ अजून समोर होती. नाव तेच, कचेरी तीच.

उम्मीसाठी. कॉफीत.

कुणीही कशाला हात लावला नव्हता. तारीख दहा दिवसांपूर्वीचीच होती.