नेरिमानच्या घरची कॉफी

बाबांच्या गॅरेजमधून दोन पाय बाहेर आले होते, आणि ते बाबांचे नव्हते. बाबा असले केशरी मोजे मेले तरी घालणार नाहीत.

एप्रिल २००७ मधला रविवार. इंग्लंडात, रीडिंग शहराच्या कडेला, कॅव्हरशॅमवर भुरभुर पाऊस, आणि मी भरल्या वांग्यांचा डबा छातीशी धरून दारात उभी. मोटरसायकलच्या खालून आवाज आला, "काका, टॉर्च जरा लेफ्टला?"

"काका इथं नाहीत," मी म्हटलं. "तुम्ही कोण?"

पाय हलले. मग गुडघे आले, मग ग्रीसनं माखलेला स्वेटर, आणि सगळ्यांत शेवटी एक चेहरा... हसरा. जरा जास्तच हसरा. असे चेहरे दिसले की मला लगेच कागदपत्रं मागावीशी वाटतात.

"तू वैजयंती. काकांनी तुझी फोटो दाखवली. मी ऍडम. ऍडम नागावकर." त्यानं हात पुढे केला, तो काळाकुट्ट आहे हे पाहून मागं घेतला आणि कोपर पुढे केलं. मी कोपराला हात लावला नाही. "माझा मराठी जरा वीक आहे, सॉरी. डॅड बॉम्बेचे, ज्यू. घरी मराठी होता. पण मी लीड्सला वाढलो. तिथे मराठी ऐकायला डॅड आणि आमची मांजर."

"आणि इथं काय करताय?"

"तुझ्या बाबांबरोबर टर्कीला चाललो," तो म्हणाला. मग माझा चेहरा बघून हळूच, "ओह... तुला सांगितला नाही?"

मी मोटार विम्याच्या कंपनीत क्लेम तपासते. लोक सांगतात, मी उभाच होतो हो, तोच मागून येऊन धडकला. मी फोटोतला बंपर बघते आणि म्हणते, असं का. नोकरीमुळे मी संशयी झाले असं आई म्हणायची. खरं तर मी जन्मापासून अशीच आहे, रीडिंगच्या कंपनीनं फक्त पगार द्यायला सुरुवात केली. त्यामुळे साठीच्या माझ्या वडिलांबरोबर तिशीतला एक अनोळखी माणूस तुर्कस्तानात निघालाय हे ऐकून माझ्या डोक्यात पहिलं काय आलं असेल ते सांगायला नको. ह्याला काय मिळणार ह्यात?

बाबांनी जेवताना सगळं सांगितलं. म्हणजे सगळं नाही, ते नंतर कळलं. मोटरसायकलवाल्यांच्या एका वेबसाइटवर त्यांनी रस्त्याबद्दल विचारलं होतं, ब्रॅकनेलच्या एका सॉफ्टवेअर कंपनीतल्या ह्या मुलानं उत्तर दिलं होतं, आडनाव बघून बाबांनी त्याला चहाला बोलावलं होतं. जूनमध्ये निघायचं. दोघं, दोन गाड्या. "मला त्या गावात परत जायचंय, वैजू," ते म्हणाले. "तुला गोष्ट माहितीच आहे."

गोष्ट आमच्या घरी कोणाला माहीत नाही? १९७४ साली बाबा आपली बीएसए मोटरसायकल घेऊन इथून पुण्याला निघाले होते. तुर्कस्तानात, कोन्याच्या पलीकडच्या डोंगरात गाडी बंद पडली. सुटा भाग येईपर्यंत एका गावातल्या घरानं त्यांना ठेवून घेतलं. निघायच्या आदल्या संध्याकाळी त्या घरच्या मुलीनं, नेरिमाननं, सगळ्यांसाठी कॉफी आणली. बाबांच्या कपात साखरेऐवजी मीठ. पानात काही टाकायचं नाही आणि कोणाच्या घरच्या अन्नाला नावं ठेवायची नाहीत, अशा शिस्तीत सदाशिव पेठेत वाढलेल्या बाबांनी ती तळापर्यंत संपवली आणि वर "छान" म्हणाले. घरातल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. आई हा किस्सा प्रत्येक पाहुण्याला सांगायची, आणि "माझ्या हातची आमटी खारट झाली तर मात्र बोलतात" हे शेवटी जोडायची. आई जाऊन आता दोन वर्षं झाली.

मी त्या दिवशी मुद्दाम म्हटलं, "म्हणजे खारी कॉफी प्यायला परत निघालात?"

बाबा हसले नाहीत. ऍडमनं वांग्याकडे बघितलं. मग दोघांनी एकदम पाण्याचे ग्लास उचलले. दोन साक्षीदार एकदम पाणी पितात तेव्हा काहीतरी लपवलेलं असतं, हे मी अनुभवानं सांगते.

त्यानंतर दर रविवारी मी हजर. जेवण घेऊन येते हे निमित्त, कान गॅरेजकडे. बाबा आंघोळ करताना तुर्की आकडे म्हणायचे. मी स्वयंपाकघरात गेले की नकाशा दुमडला जायचा. आणि मला एकच भीती... त्या नेरिमानसाठी चाललेत. आईच्या फोटोसमोर रोज उदबत्ती लावतात आणि मनात ही.

बाबा दाद लागू देत नव्हते, म्हणून मी ऍडमला धरलं.

"लायसन्स दाखव."

"कशाला?"

"माझ्या वडिलांबरोबर जातोयस."

त्यानं पाकिटातून काढून दिलं. "फोटोत मी गुन्हेगार दिसतो. आधीच सांगतो."

"दिसतोसच. बायको?"

"लायसन्सवर लिहितात का ते?"

"विचारतेय."

"नाही." मग स्पॅनर फिरवता फिरवता, माझ्याकडे न बघता, "तुला कोण आहे?"

"प्रश्न मी विचारतेय."

"ओके, ऑफिसर," तो म्हणाला, आणि कानांपर्यंत लाल झाला. मी लायसन्स जरुरीपेक्षा जास्त वेळ बघत राहिले. फोटोत तो अजिबात गुन्हेगार दिसत नव्हता, आणि ह्याचाच मला राग आला.

मे महिन्यात सामान लादून गाडी कशी चालते ते बघायला तो हेन्लीपर्यंत जाणार होता. "मागे वजन पाहिजे," तो म्हणाला. "सिमेंटची बॅग आणू, की तू येते?" मी गेले. तपासासाठी. थेम्सच्या काठानं रस्ता ओला, झाडांखालून जाताना थेंब मानेत पडत होते, आणि मी आधी कॅरियरची दांडी धरली होती... एका वळणानंतर त्याचं जॅकेट धरलं. त्यानं पुढच्या वळणावर गाडी फारच हळू घेतली.

नदीकाठच्या टी-रूममध्ये आम्ही ओले, वाफाळते कप हातात धरून बसलो.

"मला खरं सांग," मी म्हटलं. "बाबा का जातायत?"

"मी प्रॉमिस दिला आहे. काका स्वतः सांगणार."

"म्हणजे काहीतरी आहे."

"आहे. वाईट नाही." कप खाली ठेवून तो म्हणाला, "वैजू, मला लीड्सला जॉब मिळतोय. ट्रिपनंतर. अजून हो म्हटला नाही मी. डिपेंड्स..."

"कशावर?"

"तुझ्यावर. पहिले दोन रविवार मी बाईकसाठी आलो. मग तुझ्यासाठी. परत आल्यावर मी येऊ का? काकांकडे नाही. तुझ्याकडे."

छातीत असं काही धडधडलं की मला वाटलं शेजारच्या टेबलाला ऐकू गेलं असणार. आणि त्याच क्षणी डोक्यातली ती कपाळकरंटी कारकून जागी झाली. हा एक गोष्ट माझ्यापासून लपवतोय. मग दुसरीही लपवत असेल. मी हसले, गोडसर छोट्या पावांची बशी पुढे ओढली आणि म्हणाले, "स्कोन छान आहे, नाही?"

तो माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "हो. छान आहे." परतीच्या वाटेवर मी जॅकेटच धरलं होतं, पण त्याची पाठ आता ताठ होती.

निघायच्या आदल्या रविवारी मला ती साडी सापडली. बाबांच्या गाडीच्या डाव्या पेटीत, रेनकोटखाली, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली आईची मोरपंखी पैठणी. कपाटातली. मी हात लावायला घाबरते ती.

"हे कोणासाठी?" मी विचारलं.  बाबा दारात उभे होते, ऍडम चाकापाशी बसलेला. "आईची पैठणी त्या बाईला नेऊन देणार? आणि तू, तुला माहीत होतं हे. दर रविवारी माझ्या हातचं जेवत होतास आणि माहीत होतं."

ऍडम उठला. "काका, आता सांगा," तो म्हणाला. "प्लीज."

बाबा उलट्या बादलीवर बसले. ऑक्सफर्ड रोडवर त्यांचे केस कापणारा तुर्की न्हावी आहे. गेल्या वर्षी त्याच्या मुलाचा साखरपुडा झाला, बाबांना बोलावणं होतं. तिथं नवऱ्या मुलीनं कॉफी आणली. नवऱ्या मुलाच्या कपात मीठ. त्यानं तोंड वाकडं न करता ती संपवली आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"मी न्हाव्याला विचारलं, हे काय?" बाबा म्हणाले. "तो म्हणाला, मुलगी मागायला आलेल्या मुलाला आमच्याकडे अशी देतात. निमूट प्याला तर त्याला मुलगी मनापासून हवी आहे, असं समजतात." ते हातातल्या चिंधीची उगाच घडी करत राहिले. "तिच्या वडिलांनी मला मिठी मारली होती, वैजू. रात्री मेंढा कापला. मला वाटलं, काय अगत्यशील माणसं. सकाळी मी किक मारली. ती दारात घागर घेऊन आली आणि माझ्या गाडीमागं पाणी ओतलं. मला वाटलं सडा घालतेय. कालपरवा कळलं, परत यावा म्हणून ओततात."

 पत्र्यावर पाऊस वाजत होता.

"कदाचित तिनं नुसती चेष्टा केली असेल," बाबा म्हणाले. "कदाचित नसेलही. मी ना हो म्हणालो, ना नाही. छान म्हणालो फक्त. किती दिवस वाट बघितली असेल त्या घरानं, कोण जाणे. आता तिला नातवंडं असतील. मला लग्न करायचं नाहीये, वेडे. मला त्या दारात उभं राहून, मला ठाऊक नव्हतं, एवढंच सांगायचंय."

"आणि साडी?"

"तुझ्या आईनंच काढून ठेवली होती. रिटायर झाल्यावर दोघं जाणार होतो. एवढं खाल्लंत त्या घरचं, रिकाम्या हातानं कसं जायचं, म्हणायची. तिला कॉफीचा अर्थ कळला असता तर खूप हसली असती. आणि दुसऱ्या दिवशी मला पिटाळलं असतं."

मी बाबांच्या शेजारी खाली बसले आणि रडले. लाजही वाटत होती, आणि खूप बरंही वाटत होतं. ऍडम हात पुसून निघाला. मी त्याच्यामागं फाटकापर्यंत गेले.

"मला तुझा राग नाही," तो म्हणाला. "तू बाबांसाठी घाबरली. ओके आहे."

"आणि हेन्ली?"

"हेन्लीला मी विचारला. तू स्कोनचा बोलली. मला समजला नाही ते येस होता की नो." त्यानं हेल्मेट उचललं. "परत विचारणं बरा दिसत नाही ना. मी लीड्सला हो म्हणतो बहुतेक." मी तोंड उघडलं, पण शब्द येईपर्यंत तो कोपऱ्यावर वळला होता.

आठवडाभर मी फोन हातात घेतला आणि ठेवला. उशीर झाला असेल तर? त्यानं लीड्सला हो कळवलं असेल तर? नुसतं सभ्यपणे हसून 'थँक्स' म्हणाला तर?

निघायची सकाळ लख्ख होती. बाबांची बीएसए धडधडू लागली, ऍडमची गाडी सुरू झाली. समोरच्या घरातली बाई खिडकीत येऊन बघत होती. मी बाबांच्या हातावर दही ठेवलं, पाया पडले. ऍडमच्याही हातावर ठेवलं. त्यानं ते चाटलं, "थँक यू" म्हणाला, हेल्मेट चढवलं आणि हात वर केला... अगदी व्यवस्थित, शेजाऱ्याला करतात तसा. पुढं बाबांनी गिअर टाकला.

आणि मला दिसलं की मीही त्याला तसंच पाठवत होते. ना हो, ना नाही.

मी पुढं झाले आणि त्याच्या गाडीची किल्ली फिरवून काढून घेतली.

"वैजू, फेरी आहे... बोट सुटेल..."

"हेल्मेट काढ."

त्यानं काढलं. केस एका बाजूला चिकटले होते.

"हेन्लीला मी बोलले ते उत्तर नव्हतं," मी म्हटलं. "मी घाबरले होते. स्कोन कसा होता ते मला आठवतही नाही. मला तू हवा आहेस, ऍडम. लीड्सला गेलास तरी हवा आहेस, मी ट्रेननं येईन. मी संशय घेईन. फोन का उचलला नाहीस म्हणून भांडेन. तरी तूच हवा आहेस. नीट कळलं का? परत सांगू?"

तो मान खाली घालून उजव्या हाताचा ग्लव्ह ओढत राहिला.

"बोल काहीतरी."

"थांब. निघत नाही हा." शेवटी निघाला. तो गरम, थोडा ग्रीसचा वास येणारा हात माझ्या गालावर आला. "हो," तो म्हणाला. "येस. हो."

"कशाला हो?"

"सगळ्याला. लीड्सला मी अजून काही सांगितला नव्हता."

पुढच्या बीएसएची धडधड अचानक थांबली. मला वाटलं, झालं, गाडी बंद पडली. पण बाबांनीच इंजिन बंद केलं होतं. त्यांनी मागं वळून बघितलं नाही. गाडी स्टँडवर लावली, हेल्मेट काढून मांडीवर घेतलं आणि रस्त्याकडे तोंड करून, फेरीची काही घाई नसल्यासारखे, स्वस्थ बसून राहिले.