खाली जाणारी जीप

शेकोटीत लाकूड सारत सावळेरामतात्यांनी पोरांकडं पाहिलं. मग बोलू लागले.

हसू नका. कुंडलिक माझा मावसभाऊ, शिनोलीचा. खोटं बोलायचा त्याचा पिंड न्हाई.

दोन हजार दोन साल. पौषातली अवस, मंगळवार. झेडपीचं मतदान तोंडावर आलेलं. कुंडलिकची जीप अमृतशेठच्या प्रचाराला लागलेली. तिन्हीसांजेला शेठ म्हणला, "एवढी पिशवी तळेघरला पोचव. वाड्यावाड्यांत वाटायचीय."

पिशवीत काय, ते सांगायला नको. पैसा एका ठेकेदाराचा व्हता. मागल्या इलेक्शनलाबी त्यानंच पुरवलेला. निवडून आल्यावर शेठनं त्याला वढ्यावरच्या साकवाचं, म्हंजी लहान पुलाचं काम दिलं. सिमेंट नावाला, वाळूच जास्त. चार पावसाळेबी टिकला न्हाई. त्याच्या आदल्या श्रावणात मधोमध तुटला.

तवापासून गाड्या वढ्यात उतरूनच जायच्या. कुंडलिकनं जीप उतरवली. वढा कोरडा ठणठणीत. पल्याडच्या चढावर जीपच्या उजेडात एक बाई दिसली. डोईवर पदर, काखेत लेकरू.

"कुठं जायाचं, मावशी?"

"घोडेगावला, दवाखान्यात. नात तापलीय."

"मी तर वर चाललोय, तळेघरला."

"समदे वरच जात्यात, भाऊ. मतं आली की. खाली कोण नेत न्हाई."

कुंडलिकनं लेकराकडं बघितलं. त्याच्या घरीबी तेवढीच पोर. "बसा मागं," म्हणला, आन जीप फिरवली. पिशवीचं काय व्हायचं ते होवो.

मागं पोर कण्हत व्हती. बाई हळू आवाजात तिला निजवत व्हती. वढा आला.

"थांब, भाऊ."

"काय झालं?"

"पाणी ऐकू येतंय न्हवं?"

त्यानं इंजिन बंद केलं. कोरडा वढा... आन पुराचा आवाज. लांबून. मग जवळ. मग गाडीच्या खालून...

"मावशी?"

...

"मावशी, पोर कशी हाय?"

कण्हणं न्हाई. पाणी न्हाई. मागं कोण न्हाई.

तात्या थांबले. त्यांनी शेकोटीत आणखी एक लाकूड सारलं.

उजाडेस्तोवर तो तिथंच बसून. सकाळी तळेघरचा म्हातारा चिमाजी पायी खाली येताना भेटला. कुंडलिकनं सांगितलं तसा तो दगडावर बसला.

"लंका, माझी बायको," म्हणला. "श्रावणात नातीला घेऊन निघाली व्हती. साकव तिच्या पायाखालीच गेला. नातीचं नाव वैजयंती... कुणी इचारायलाबी आलं न्हाई, भाऊ."

कुंडलिकनं पिशवी शेठच्या वसरीवर टाकली. "ह्या पैशानं दोन जीव खाल्ले, शेठ."

शेठची मान खाली. "इलेक्शन फुकट व्हत न्हाई रे. ज्याचा पैसा घेतला, त्याला काम द्यावंच लागतं."

दुपारी तीच पिशवी घेऊन दुसरी जीप वर गेली. शेठ निवडून आला. नवा साकव... त्याच ठेकेदाराला.

कुंडलिकनं परत कुणाचा प्रचार केला न्हाई. आयुष्यभर वरची आजारी माणसं फुकट खाली आणली. गेला बिचारा तीन वर्सांमागं.

पर त्या दिवशी घरी येऊन त्यानं जीप धुवायला घेतली व्हती. कडाक्याची थंडी. पत्र्याला हात लावला तर बधिर. मागच्या बाकावर हात ठेवला... आन झटकन काढला. एवढीशी जागा. लेकराच्या डोक्याएवढी.

ती जीप आता त्याच्या परड्यात गंजत पडलीय. मागल्या पौषात मी सोता हात लावून बघितला.

ताप... अजून उतरलेला न्हाई.