श्रुतिकाचा डोळा, धाकलीचा पाय

माझी मुलगी श्रुतिका नववीत असताना तिच्या डाव्या डोळ्यासमोर धुकं आलं. मी डहाणू रोडच्या शाळेत विज्ञान शिकवते. मला वाटलं, चष्मा लागला असेल. मुंबईत एमआरआय झाल्यावर कळलं, मल्टिपल स्क्लेरोसिस. शरीराची प्रतिकारशक्तीच मज्जातंतूंचं आवरण कुरतडते. डॉक्टर म्हणाले, मुलांमध्ये हा आजार कमीच, थंड देशांतून जास्त ऐकू येतो. आपल्याकडे पुष्कळदा उशिरा कळतो.

माझ्या सासऱ्यांनी, अण्णांनी, यातला ‘थंड’ एवढाच शब्द उचलला. बोंबील वाळत घालावेत तसं ते श्रुतिकाला रोज गच्चीवर उन्हात बसवू लागले. उष्णतेनं तिला आणखी अंधुक दिसायला लागलं, तेव्हा डॉक्टरांनी अण्णांना फोनवर झापलं. मग अण्णांनी घरातले सगळे पंखे तिच्याकडे वळवले आणि स्वतः मफलर गुंडाळून बसले.

हॉस्पिटलच्या बाकावर आम्हाला धाकली भेटली. डहाणूजवळच्या गंजाड गावची, श्रुतिकाच्याच वयाची. तिला तोच आजार होता. उजवा पाय ओढत चालायची. गावात आधी टॉनिक झालं, मग अंगारा, मग पुन्हा टॉनिक. तिचे वडील, बारक्या, चिकूच्या वाडीत कामाला होते.

“मॅडम, हा मोठ्या लोकांचा रोग आमच्या घरी कसा आला?” त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, आमच्याकडे तरी कसा आला, तेच कळत नाहीये. तोवर मुलींनी एकमेकींचे नंबर घेतले होते.

चाचणी परीक्षेच्या दिवशी श्रुतिका लंगडत न्याहारीला आली आणि भिंतीवरच्या कॅलेंडरातली चतुर्थी दोन्ही डोळ्यांनी वाचून दाखवली. तिकडे धाकलीचा पाय मोकळा झाला होता आणि डाव्या डोळ्यात धुकं होतं. डॉक्टर म्हणाले, या आजारात असे चढउतार येतात. मीही वर्गात हेच सांगितलं असतं.

पण एकदा मी त्यांचं फोनवरचं बोलणं ऐकलं. अधू पाय धाकलीच्या गावातलं लग्न होईपर्यंत श्रुतिकानं ठेवायचा, धाकलीला नाचायचं होतं. लेखी परीक्षेला मात्र धुक्याचा डोळा श्रुतिकाला नको होता. भाजीबाजारात चालते तशी घासाघीस. अण्णांना वाटलं, कपड्यांची देवाणघेवाण चाललीय. घेतलेलं धुऊन परत कर, असं त्यांनी नातीला बजावलं.

मी जाब विचारला. श्रुतिका शांतपणे म्हणाली, “आई, इंजेक्शनं घेतोच आहोत आम्ही. मधल्या वेळात जरा वाटून घेतो.”

रविवारी धाकलीला घरी बोलावलं. श्रुतिकाचा उजवा डोळा झाकून कॅलेंडर वाचायला लावलं. ती एका ओळीत मध्येच थांबली. कॅलेंडराकडे पाठ करून बसलेल्या धाकलीनं उरलेली ओळ वाचली.

माझ्या हातातला चहा साडीवर सांडला. मुली हसून हसून लोळल्या.

त्यानंतर एका दुपारी डहाणूच्या किनाऱ्यावर दोघी पळाल्या. सुरूच्या झाडांपासून पाण्यापर्यंत, सरळ, एकदाही न अडखळता. धाकलीचे वडील डोळे पुसत होते. मीही.

मग मला सुचलं ते विचारलं. आत्ता ते दुखणं आहे कुणाकडे?

श्रुतिकानं धाकलीकडे बघितलं. “मला वाटलं, तुझ्याकडे.”

“मला वाटलं, तुझ्याकडं.”

फोन वाजला. नंबर परदेशातला, लांबलचक. श्रुतिकानं स्पीकर लावला. एक लहान मूल बोलत होतं. थंडीनं त्याचे दात वाजत होते. भाषा मी कधी ऐकली नव्हती.

श्रुतिकानं त्याच भाषेत उत्तर दिलं. हळूच, समजावल्यासारखं.

मग तिनं फोन ठेवला आणि डावा डोळा चोळला.

“लहान आहे गं तो, आई. आम्ही परत घेतलं.”

धाकली पाय ओढत आली आणि वाळूत बसली.

“त्याच्या मागं लय पोरं उभी हायत,” ती म्हणाली. “समद्यांना आमची नावं ठाऊक हायत.”