किल्ली कुणाच्या खिशात?

बसा सगळे. आणि तो मागे दात काढतोय, त्याला पुढे घ्या. आज पेटीला किल्ली तशीच ठेवून रॉकेटापाशी गेलेला महाभाग तोच ना? मी हात उगारत नाही. गोष्ट सांगतो. खरी आहे, आणि जिच्यात ज्याची गाळण उडाली त्याला मी चांगला ओळखतो.

तो वायरमन. दिवसभर लोकांच्या घरी फिटिंग करायचा आणि संध्याकाळी आपल्यासारखाच या शेडमध्ये कागदाच्या नळ्या वळत बसायचा. मंडळाची रॉकेटं पेटवायची पेटी त्याच्या ताब्यात. गेल्या डिसेंबरातला दुसरा शनिवार, संध्याकाळचे सात वीस. दुसऱ्या दिवशी कार्यक्रम होता, म्हणून नव्या पेटीची चाचणी घ्यायला तो एकटाच मैदानावर गेला. साधंच काम. टोकाला लाकडी घोडी, घोडीत एक रॉकेट, तिथून साठ पावलं वायर सोडत मागे यायचं, की पेटी. किल्ली फिरवली की लाल दिवा लागतो, मग बटण. ही पेटी महिन्यापूर्वीच घेतलेली आणि तिला एकच किल्ली. हरवू नये म्हणून त्याने किल्लीला पिवळी टेप गुंडाळली होती.

डोकं मात्र तापलेलं होतं. निघताना चौकात सुताराची बायको भेटली होती. तिने भर रस्त्यात विचारलं होतं, "भाऊजी, त्या दिवशी किल्ली कुणाच्या खिशात होती?"

सुतार कोण, ते नव्या पोरांना माहीत नसेल. आपल्या रॉकेटांच्या काड्या तो तासायचा. रॉकेट बोटावर आडवं धरून तोल बघायचा आणि केसभर जरी कललं तरी काडी पुन्हा रंध्याखाली. असा काटेकोर माणूस. या चाचणीच्या आदल्या वर्षी कार्यक्रमात सुताराचं एक रॉकेट उडालंच नाही. तो नियमाप्रमाणे अर्धा तास थांबला. मग पेटीपाशी येऊन त्याने हात पुढे केला. कारण जो घोडीपाशी जातो, किल्ली त्याच्या खिशात जाते. म्हणजे मागे कुणी गाढवपणा करू शकत नाही. तर हा वायरमन काय म्हणाला? "अरे जा ना, मी इथंच बसलोय की! लोक खोळंबलेत." किल्ली तेव्हाच्या जुन्या पेटीतच राहिली. सुतार गेला. लोक ओरडायला लागले, तसं याने दुसऱ्या घोडीवरचं रॉकेट सोडायला किल्ली फिरवली, आणि घाईत बटण भलतंच दाबलं.

सुतार वाकलेला होता.

आणि मंडळाच्या नोंदवहीत काय लिहिलं गेलं? 'सुतार न सांगता घोडीपाशी गेला.' चिटणिसाने लिहिलं, वायरमनने सही ठोकली, बाकीच्यांनी माना डोलावल्या. मेलेल्या माणसावर खापर फोडून सगळे हात झटकून मोकळे! त्याच्या मुलीला शाळेत पोरं विचारायची, तुझा बाप वेंधळा होता का गं? आजही आठवलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. डोलणाऱ्या मानांमध्ये माझीही मान होती, म्हणून तर जास्तच जाते.

वायरमनला उलट त्या बाईचाच राग आलेला. वर्ष झालं तरी तेच ते उगाळते, असं पुटपुटत त्याने बटण दाबलं.

काही नाही. पुन्हा दाबलं. काही नाही.

म्हणजे अर्धा तास थांबणं आलं. तो थांबला. सव्वाआठला उठला, किल्ली काढली, शर्टाच्या खिशात टाकली आणि खिशावर थाप मारून खात्री केली. पेटीचा दिवा विझला. मग तो निघाला. साठ पावलं. घोडीपाशी येऊन तो वाकला...

मागे टक् झालं.

किल्ली फिरल्याचा आवाज. हा आवाज त्याने झोपेतही ओळखला असता.

त्याने वळून पाहिलं. साठ पावलांवर लाल दिवा लागला होता.

हात खिशाकडे गेला. खिसा रिकामा.

"कोण आहे?"

...

"चेष्टा नको! मी घोडीपाशी आहे!"

...

पाचावर धारण बसली. पळावं तर पाय उचलेना. रॉकेटचं टोक छातीपाशी. पेटीमागे कुणी दिसत नव्हतं. पण श्वास ऐकू येत होता... रंधा मारताना माणूस नाकातून सोडतो, तसा. दमदार. संतापलेला. साठ पावलांवरून.

"मीच..." वायरमन म्हणाला.

श्वास थांबला.

"तू हात पुढे केला होतास. मी किल्ली दिली नाही. बटण मी दाबलं. सही खोटी आहे माझी."

...

"उद्या सांगतो सगळ्यांना."

दिवा तसाच.

"आज! आत्ता जातो वहिनींकडे!"

टक्. अंधार.

तो धडपडत पेटीपाशी आला. किल्ली पेटीत नव्हती. खाली गवतात नव्हती. त्याने शोधणं सोडलं आणि सुताराच्या घराकडे धावत सुटला.

उंबऱ्यात उभं राहूनच त्याने सगळं सांगितलं. सुताराची बायको रडली नाही.

"वर्षभर माझी पोरगी बापाचं नाव सांगायला लाजली," ती म्हणाली, "आणि तुम्ही याच दारावरून शीळ घालत जात होता, भाऊजी."

ती आत गेली आणि एक पिशवी घेऊन आली. दवाखान्याने दिलेले सुताराचे कपडे होते त्यात. तोंडाला ठोकलेल्या पिना तशाच, गंजलेल्या. उघडायचा तिला धीरच झाला नव्हता. तिने ती त्याच्या पायाशी टाकली.

"उघडा. बघा काय केलंत ते."

त्याने पिना उचकटल्या. शर्ट निघाला. समोरून जळालेला. खिसा तेवढा शाबूत होता... आणि जड लागत होता.

त्याने खिशात हात घातला.

पिवळी टेप गुंडाळलेली किल्ली. जी पेटी घेऊन महिना झाला होता, तिची.

दुसऱ्या दिवशी कार्यक्रम झाला नाही. वायरमनने सगळ्यांसमोर नोंदवहीतली ओळ खोडून खरी लिहिली आणि तो पुन्हा कधी या शेडमध्ये आला नाही. पेटी तीच आहे. किल्लीही तीच. हे बघ, टेप अजून आहे. हसतोस कशाला आता? धर हातात. आणि उद्या घोडीपाशी जाताना ती कुठे ठेवशील, ते इथे सगळ्यांसमोर मोठ्याने सांग.