आवर

कराडच्या काळसेकरांच्या घरात एकाही यंत्राला बटण नव्हते. कराडातच काय, आता कुठेच कुणाच्या घरात नव्हते. टीव्ही, रेडिओ, गाण्यांचा डबा, फोन हे सगळे एका भिंतीत विरघळून गेले होते आणि त्या भिंतीला लोक भिंतपट म्हणत. एका घराला एक भिंतपट. त्याला हुकूम सोडायचा तो मनगटावरच्या पट्ट्याने. त्याचे नाव मनपट्टा. बोलायचे नाही, बोट दाखवायचे नाही. सामना पाहावासा वाटला की सामना, आवाज कमी व्हावासा वाटला की आवाज कमी. मनातले मनगटापर्यंत आले की काम झाले.

भिंतपटाबरोबर कंपनी एकच मनपट्टा देत असे आणि काळसेकरांच्या घरात तो निनादरावांच्या हातात होता. असे कुणी बसून ठरवले नव्हते. खोके उघडले, पट्टा निघाला, त्यांनी घातला, विषय संपला.

त्यांच्या बायकोच्या, शर्वरीच्या डोक्यात तिडीक गेली होती ती त्यावरूनच. येत्या रविवारी संध्याकाळी राज्याच्या महिला कबड्डीचा अंतिम सामना होता. कराडचा संघ पहिल्यांदाच तिथवर पोचला होता आणि त्या संघाची मुख्य चढाईपटू अवनी थोरात ही शर्वरीच्या हाताखाली तयार झालेली पोरगी होती. सोसायटीमागच्या मैदानात रोज सकाळी शर्वरीने तिला चढाई शिकवली, पडायला शिकवले, पडून पुन्हा रेघेकडे हात लांबवायला शिकवले. शर्वरी स्वतः लग्नाआधी जिल्ह्याकडून खेळलेली. लग्नानंतर घरात 'आता पुरे' असा विषय निघाला आणि ती 'चालेल' म्हणाली होती.

निनादराव रविवारी संध्याकाळी क्रिकेटचे जुने सामने बघत. तीस-चाळीस वर्षांपूर्वीचे, ज्यांचा निकाल त्यांना तोंडपाठ होता, कोण कुठल्या चेंडूवर बाद होणार हेही. तरी बघत, आणि वर बाद झाल्यावर हळहळत.

"अहो, या रविवारी मला कबड्डी बघायचीय," शर्वरी म्हणाली.

"बघ की!" निनादरावांची कंठी बोलली. दोन वर्षांपूर्वी घशाच्या आजारात त्यांचे स्वरयंत्र काढावे लागले होते. तेव्हापासून गळ्याभोवतीचे हे यंत्र, म्हणजे कंठी, त्यांच्या ओठांची आणि मानेच्या स्नायूंची हालचाल टिपून त्यांच्याच जुन्या आवाजात बोले. जुन्याहून अंमळ मोठ्यानेच. "शेजारी शिंत्रेंकडे जाऊन बघ. तुला काय, कुठेही चालतं."

कुठेही चालतं! ती भिंत रोज पुसायची हिने, आजारपणात सहा-सहा वेळा पेज करून भरवायची हिने, आणि आपल्या पोरीचा सामना बघायचा शिंत्र्यांच्या सोफ्याच्या काठावर बसून! शर्वरीने तोंड उघडले. मग मिटले आणि ती ओटा पुसायला गेली. पुसलेलाच ओटा तिने पुन्हा पुसला.

दुसऱ्या दिवशी ती पट्टे विकणाऱ्या इंगवल्यांच्या दुकानात गेली.

"काकू, कंपनीचा दुसरा पट्टा घ्यायचा तर त्या पैशात म्हस येती," सोहम इंगवले म्हणाला. "आणि तुमी काय दिवसभर बघत बसणार हाय का? हे घ्या, सर्वयंत्री. नाव 'अवघा'. कुठल्या बी कंपनीचं असू दे, घरात आवाज करणारं जे जे यंत्र हाय ते सगळं हे धरतंय. भिंत, स्पीकर, दाराची घंटा. कंपनीच्या पट्ट्याशेजारी बी चालतंय. दोघांनी घातला तर ज्याची इच्छा जोरात, त्याचं ऐकायचं, एवढा साधा हिशोब."

"बिघडत नाही ना?"

"बिघडलं तर मी हाय की हितं."

ज्याची इच्छा जोरात! शर्वरीला हसू आले. तसे असेल तर मग भिंत आपलीच, असे तिला वाटले, कारण इतकी जोरात इच्छा तिला गेल्या कित्येक वर्षांत कशाचीच झाली नव्हती. तिने पट्टा घेतला, घरी येताच घातला आणि भिंतीसमोर बसून कबड्डीच्या उपांत्य सामन्याची इच्छा केली. डोळे मिटून केली, दात आवळून केली. भिंतीवर कुणीतरी फलंदाज हेल्मेट सावरत होता. तो सावरतच राहिला.

ती तणतणत दुकानात परतली. इंगवल्याने पट्टा स्वतःच्या हातात घालून पाहिला. दुकानातली भिंत झरझर बदलली, गाणे लागले, थांबले, दाराची घंटासुद्धा वाजली. हातच्या काकणाला आरसा कशाला!

"पट्टा झ्याक हाय, काकू."

"मग माझं का ऐकत नाही?"

त्याने डोके खाजवले. पोरगा वाईट नव्हता, पण जिभेला हाड नव्हते. "आता काय सांगावं... तुमालाच काय नको असंल."

संतापाने शर्वरीच्या कानांतून वाफा निघायच्या बाकी राहिल्या. तिच्या तोंडावर आले होते की पट्टा घाल तुझ्या नरड्यात. "बरं, बघते," एवढे म्हणून ती दुकानाबाहेर पडली.

शनिवारी पुण्याहून केतकी आली. केतकी बोंद्रे ही शर्वरीच्या बहिणीची मुलगी. मेंदूतल्या इच्छांवर तिचे संशोधन होते आणि मनपट्ट्यांचे तंत्र तिच्याच प्रयोगशाळेत वाढले होते. निनादराव दुपारचे झोपले होते. केतकीने दोन्ही पट्टे आपल्या पाटीला, म्हणजे हातातल्या पडद्याला जोडले आणि उमटलेले आलेख ती मागेपुढे करून पाहू लागली.

"मावशी, हा बघ काकांचा आलेख," ती शेवटी म्हणाली. "हा तुझा."

काकांच्या आलेखावर छोटे छोटे उंचवटे होते आणि प्रत्येकातून एक रेघ निघून थेट कडेला गेली होती. शर्वरीच्या आलेखावर सुळके होते, काकांच्या तिपटीचे. पण एकातूनही रेघ बाहेर पडली नव्हती. प्रत्येक सुळका माथ्यावर छाटलेला होता.

"हे काय गं? मला कळेल असं सांग."

"समोरचा पेला उचलावासा तुला वाटतो, हे तुला कळतं त्याच्याही आधी मेंदूत एक लाट उठते. त्या लाटेला आम्ही अंकुर म्हणतो. अंकुर उगवला की मग तुला जाणवतं, की अरे, मला पेला उचलायचाय. आणि मग हात हलायच्या जरासं आधी एक फट असते. पापणी लवते ना, तेवढीच. त्या फटीत माणूस स्वतःला थांबवू शकतो. नको, राहू दे, असं म्हणू शकतो. त्याला आम्ही आवर म्हणतो."

"आवर," शर्वरी म्हणाली.

"हो. मनपट्टे अंकुर वाचतच नाहीत. त्यांच्यात एक चाळणी असते. आवरातून जे सुटून येतं तेवढंच तिच्यातून पुढे जातं. काकांचं सगळं सुटतं, त्यांना आवर जवळजवळ नाहीच. आणि तुझं..." केतकीने मावशीकडे पाहिले. "इतका उंच अंकुर मी कुणाचा पाहिला नाही. आणि दिवसभरात त्यातला एकही तू सोडलेला नाहीस. कबड्डी हवी, आवर. भूक लागली, आवर. काहीतरी बोलायचंय, आवर. पट्ट्याला वाटतं या बाईला काही नकोच आहे."

"तुम्हा शास्त्रज्ञांना दुसरा शब्द नाही सापडला?" शर्वरीचा आवाज चढला. "हसणं आवर, असं आई म्हणायची. पाय आवरून बस, असं आजी. लग्न झालं तर सासूबाई, लवकर आवर. सकाळी उठल्यापासून मी करते ती आवराआवर. आणि आता मेंदूच्या आतसुद्धा तेच निघालं! तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. आणि तोंड दाबणारा हातही माझाच म्हणे! काढून टाक ती चाळणी."

केतकी दचकली. "महागड्या पट्ट्याला तिथे हातही लावता येत नाही. हा स्वस्तातला आहे, यात ती काढता येते. पण काढायची नसते, मावशी. त्यापेक्षा एक सरावाचा कार्यक्रम आहे. इच्छा सोडायला हळूहळू शिकायचं. दोन-तीन महिन्यांत..."

"सामना उद्या आहे."

"ऐक तरी. आवर म्हणजे फक्त मन मारणं नव्हे. कुणी रांगेत घुसलं तर त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटते आणि आपण वाजवत नाही, तोही आवरच. मनात काय काय उगवतं यावर माणसाचा ताबा नसतो. चाळणी काढली तर जे उगवेल ते सगळं बाहेर पडेल. माणूस माणसात राहतो तो आवरामुळे."

"हो का? मग तुझ्या काकांना आवर नाही म्हणालीस ना आत्ताच? ते नाहीत का माणसात? त्यांना कुणी शिकवायला गेलं नाही दोन-तीन महिने!"

केतकीने पाटीवर चाळणीची ओळ खोडली आणि पट्टा मावशीच्या हातात दिला. मात्र उद्या मी इथेच थांबणार, अशी अट तिने घातली.

रविवारी संध्याकाळी निनादराव आरामखुर्चीत टेकतात न टेकतात तोच भिंतीवरचा फलंदाज नाहीसा झाला आणि मॅटवर मांड्या थोपटत उभ्या असलेल्या सात मुली दिसू लागल्या. शर्वरीने बोटसुद्धा हलवले नव्हते. अवनीचा चेहरा भिंतभर झाला, आवाज वाढला. जे जे हवेसे वाटत होते ते ते वाटायच्या आत होत होते. शर्वरी चटईवर मांडी ठोकून बसली आणि मोठ्याने हसली. ते हसणे केतकीने कधी ऐकले नव्हते.

"अगं, हे काय? माझी मॅच कुठे गेली?" निनादरावांनी मनगट झटकले. भिंतीवर क्षणभर हिरवे मैदान आले आणि पुन्हा कबड्डी लागली. त्यांनी दोनदा, तीनदा झटकले. "बिघडलं वाटतं हे. शर्वरी, बघ गं जरा."

"बिघडलेलं नाही. मी लावलंय."

"तू? मला न विचारता?"

अवनी पहिल्याच चढाईत दोघींना बाद करून आली होती. मग मात्र सामना अटीतटीचा झाला. कराड कधी पुढे, कधी मागे. शर्वरी ओरडत होती, "पायाकडे बघ, पायाकडे!" आणि शेजारी कंठी अखंड चालू होती. हा काय खेळ आहे, नुसती झोंबाझोंबी. पोरीबाळींनी असं लोळायचं म्हणजे. चहाचं काय झालं. निनादरावांच्या बोलण्यात द्वेष नव्हता. बोलायचे मनात आले की बोलायचे, एवढीच त्यांची रीत, आणि आजवर त्यांना कुणी अडवले नव्हते.

शेवटची दोन मिनिटे उरली. कराड एका गुणाने मागे होते. अवनी मध्यरेषेवर येऊन उभी राहिली, आणि नेमके तेव्हा निनादराव केतकीकडे वळून म्हणाले, "तुझी मावशीसुद्धा खेळायची हो हे. तरी बरं, मीच वेळेवर बंद करायला लावलं. नाहीतर आज गुडघे..."

पुढचे शब्द आले नाहीत.

ओठ हलत होते. मानेचे स्नायू हलत होते. कंठीवरचा हिरवा ठिपका लाल झाला होता. घरात आवाज करणारे जे जे यंत्र, ते सगळे अवघा धरतो, असे इंगवले म्हणाला होता. त्यात त्याने खोटे काही सांगितले नव्हते.

आधी केतकीच्या ध्यानात आले. "मावशी! काकांचा आवाज बंद झालाय. तू बंद केलास."

"मी? मी काहीच केलं नाही."

"वाटलं तुला. वाटलं की झालं, आता मध्ये काही नाहीये. चालू कर. ज्या मनाने मिटवला त्याच मनाने उघडावा लागतो, नुसता पट्टा काढून भागत नाही, दुसऱ्या कुणाला येत नाही ते."

शर्वरीने नवऱ्याकडे पाहिले. निनादरावांनी दोन्ही हातांनी कंठी धरली होती. ऑपरेशननंतरच्या पहिल्या सकाळी होती तशीच भीती त्यांच्या डोळ्यांत होती. तिला वाईट वाटले. खरोखर वाटले, कुणाला असे करावे असे तिने आयुष्यात कधी ठरवले नव्हते.

"बोला," ती म्हणाली. "अहो, बोला ना."

ठिपका लालच राहिला.

"तोंडाने नको, मावशी. मनातून."

"मनातूनच म्हणतेय!"

केतकीने पाटी पाहिली. निनादरावांनी बोलावे, त्यांचा आवाज पुन्हा घरात यावा, अशी इच्छा उगवली असती तर ती तिथे दिसली असती, नखाएवढी असती तरी दिसली असती. सामन्यासाठीचे सुळके एकामागून एक उठत होते. त्यांच्या बाजूला, जिथे नवऱ्याच्या आवाजाचा अंकुर दिसायला हवा होता, तिथे सगळे सपाट होते. चाळणी परत बसवून उपयोग नव्हता. चाळायला आधी काहीतरी लागते.

"आहे का काही?" शर्वरीने विचारले.

केतकीने पाटी उलटी करून मांडीवर ठेवली. "पुन्हा एकदा म्हण."

ती पुन्हा म्हणाली. आवाजात सगळी माया आणून म्हणाली, आजारपणात म्हणायची तसे. निनादराव उठून तिच्यासमोर आले, वाकले, आणि एकेक शब्द सुटा करून ओठांनी काहीतरी सांगू लागले. भिंतीतून हजारो लोकांचा गलका उठला. अवनी खाली पडली होती, तिघींनी तिला धरले होते आणि तिचा हात रेघेच्या दिशेने लांबत होता.

शर्वरीने नवऱ्याच्या कमरेच्या बाजूने मान काढून पाहायचा प्रयत्न केला.

"जरा सरका," ती म्हणाली, "दिसत नाहीये."